जिच्या नावाने कौल

वामनदादाने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, "भिंतीला घट्ट धर, हलू नको," म्हणाला आणि दुसरं टोक घेऊन रस्त्याकडच्या दारापर्यंत चालत गेला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. दुकान अकरा फूट लांब आणि आठ फूट रुंद भरलं. जन्मापासून मी त्या दुकानात वावरले होते, पण ते एवढंसं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

ही अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आदल्या दिवशी वर्षश्राद्ध उरकलं होतं, केळीची पानं अजून परसात पडलेली होती, आणि दादाने सकाळी उठल्या उठल्या दुकानाचं कुलूप काढलं होतं.

दुकान बाबांचं, गॅसबत्त्या भाड्याने देण्याचं. नेरवणच्या आमच्या पेठेतून पंचक्रोशीत बत्त्या जायच्या. वरातीला जायच्या, जत्रेला जायच्या, दशावतारी नाटकाला तर आठ-आठ जायच्या. बत्तीला जाळी बांधावी ती सुगंधानेच, असं बाबा माझ्याबद्दल म्हणायचे. मग गावात वीज आली, मागून जनरेटर आले, आणि बत्त्या आढ्याच्या आकड्यांना लटकून राहिल्या. तरी बाबा रोज फळ्या काढून बसायचे. एक दिवस त्यांचं अर्धं अंग गेलं आणि ते आतल्या खोलीत आडवे झाले ते सहा वर्षं. त्या सहा वर्षांत माझं लग्नाचं वय गेलं. कुणी नेलं नाही, कुणी लुटलं नाही. बत्तीतली हवा जाते तसं सूं करत हळूहळू गेलं. त्या वर्षी मी तेहेतीस पुरी केली होती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी मला एक पोस्टकार्ड आलं होतं. कोल्हापूरच्या एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं, तिथे गृहमाता हवी होती. रद्दीतल्या पेपरात जाहिरात वाचून मी कुणालाही न सांगता अर्ज केला होता. कार्डावर चार ओळी होत्या. राहायला खोली मिळेल, एक जूनला हजर व्हावे, न आल्यास दुसऱ्या उमेदवाराचा विचार होईल. मी ते कार्ड जाळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतं. दिवसातून दोनदा डबा उघडून बघायची आणि पुन्हा झाकण लावायची. घरात सांगायला तोंड होत नव्हतं. दादा डोंबिवलीला, दोन खोल्यांत चार माणसं. आई बासष्टची, आणि डोंबिवलीला जायचं नाव काढलं की जेवण सोडणारी. मी गेले तर तिच्यापाशी कोण राहणार? म्हणून मी दादाची वाट बघत होते. दादा आला की सांगू, दादा काहीतरी मार्ग काढेल.

दादा मार्ग काढूनच आला होता. मोकळ्या पडलेल्या दुकानात नवा धंदा घालायचा, आणि तो सुगंधाने चालवायचा.

दुपारी ओसरीवर बैठक बसली. वहिनी हाताला खोबरेल लावून फणस फोडत होती. बाबलमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शेजारच्या गावाहून मुद्दाम आला होता आणि गरे खाऊन आठळ्या ओळीने मांडून ठेवत होता. आई माजघराच्या दारात बसली होती. तिची ती जागा ठरलेली. आमच्या पेठेत वाण्यांच्या घरची सून दुकानात बसत नसे; आई चाळीस वर्षं त्या दारापर्यंत यायची, बाबांचा चहा उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे वळायची. काही काम नसलं की तिथेच बसून स्वतःशी गुणगुणायची:

दारीच्या गे वाटे, तू जातेस दूरदेशी,
माझी गे सावली उंबऱ्यापाशी, पडून राही.

त्या दुपारी मात्र ती गुणगुणत नव्हती.

दादाचं मत एसटीडी बूथचं. पेठेतली निम्मी घरं मुंबईला, फोन करायला लोकांना तालुक्याला जावं लागतं. जोडीला पुढेमागे झेरॉक्स. वहिनी म्हणाली, त्यापेक्षा कटलरी घाला. टिकल्या, पिना, बांगड्या, बायकांचं येणंजाणं राहील आणि सुगंधाताईंना करमेल. मामाला दोन्ही पसंत नव्हतं. कोकम, आगळ, लोणचं, कुळथाचं पीठ. मे महिन्यात चाकरमानी येतात आणि जाताना पिशव्या भरभरून नेतात.

"लोणचा कोण घालतला?" दादाने विचारलं.

"कोण म्हणजे? सुगंधा. हिच्या हाताक चव हा."

मग वहिनी म्हणाली की सुगंधाताईंना रंगाची पारख किती, माझ्या साड्या त्याच निवडतात. दादा म्हणाला की सुगंधाचं अक्षर छापल्यासारखं, हिशेब तोंडी, आणि फोनवर बोलायला आवाज गोड. माझे गुण एकेक करून पुढे येत होते. असं कौतुक माझं कधी झालं नव्हतं. आणि प्रत्येक गुणाबरोबर कुणीतरी एकेक फळी ठोकत असल्यासारखं मला वाटत होतं. अकरा बाय आठ.

मी धीर केला. म्हटलं, "दादा, मला एक सांगायचं होतं."

सगळे माझ्याकडे वळले. वहिनीचा हात फणसात थांबला.

"कटलरी नको ना?" दादा हसून म्हणाला. "मला ठाऊक होतं. थांब, तुला एक दाखवतो." तो आत गेला आणि बॅगेतून गुंडाळलेला जाड कागद घेऊन आला. त्याच्या कंपनीतल्या पेंटरकडून त्याने पाटीचा नमुना लिहवून आणला होता. निळ्यावर पिवळी अक्षरं. 'सुगंधा एसटीडी'. सुगंधाच्या 'धा'वर पेंटरने एक छोटं फूल काढलं होतं.

"बाबांचं सगळं तू केलंस," दादा म्हणाला. "मी महिन्याला एक पत्र टाकत होतो. त्यांचं उठवणं-बसवणं, हगणं-मुतणं तू काढलंस. उद्या आमच्यापैकी कुणाच्या तोंडाकडे बघायची पाळी तुझ्यावर आली, तर मला चांगलं मरण येणार नाही. हे दुकान तुझं. नाव तुझं. बोल, तुला काय सांगायचं होतं?"

मी म्हटलं, "फूल छान काढलंय."

दादा दुष्ट असता तर मी त्याच दुपारी सुटले असते.

बैठक संध्याकाळपर्यंत चालली. मामा लोणच्यावरून हटेना, वहिनी कटलरीवरून. शेवटी मामाने आठळ्या गोळा केल्या आणि म्हणाला, आपण कोण ठरवणारे? घरात नवा धंदा रवळनाथाला विचारल्याशिवाय कधी झाला नाही. बत्त्यांच्या वेळीही भावोजींनी कौल घेतला होता. उद्या सकाळी जाऊ.

दादाला मुंबईत राहून कौलाबिलाचं फारसं काही उरलं नव्हतं, पण मामाचं तोंड बंद होईल म्हणून तो हो म्हणाला. मी भांडी घासायला परसात गेले. मनात म्हटलं, ठीक आहे. देव आहे ना. देव नाही म्हणेल.

सकाळी आम्ही पाचही जणं देवळात गेलो. जयराम गुरव नुकताच पूजा आटोपून बसला होता. काटकुळा, सत्तरीचा, कानात भिकबाळी. कौल लावायची त्याची रीत सगळ्या पंचक्रोशीला माहीत. देवाच्या पाषाणावर उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. "दुकानात बसतला कोण?"

"सुगंधा," दादा म्हणाला.

"मगे कौल हिच्या नावान. आणि आयक गो चेडवा, गाऱ्हाण्याक सगळी व्हय म्हणतली, पण तुझो व्हय माका येगळो आयकाक येवक होयो. जेच्या नावान कौल, तेचो होकार नसलो तर मी पाकळी लावणंय नाय."

इतकं सोपं होतं. कुणाशी भांडायचं नव्हतं, दादाचं मन मोडायचं नव्हतं, कार्ड काढून दाखवायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि आईच्या शेजारी उभी राहिले.

गुरवाने नारळ पुढे ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि सूर लावला. तो सूर बोलण्याचाही नसतो आणि गाण्याचाही नसतो. नावेला पहिला धक्का द्यावा तसा तो निघतो.

"बा देवा रवळनाथा, बारा वाटेच्या राखणदारा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी गप्प.

"मसुरकराच्या घराचो दिवो लागतो ऱ्हवाक देस, इडापिडा येशीभायर घालवस..."

"व्हय म्हाराजा."

"चुकला असात, माकला असात, ता पोटात घाल, वाकडा असात ता सरळ कर..."

"व्हय म्हाराजा."

आता मला हे लिहिताना हसू येतं आणि लाजही वाटते. मी पाच वर्षांची असल्यापासून त्या सभामंडपात उभी राहत आले होते. बाबांच्या खांद्यावरून, आईच्या पदराआडून, मुंजीला, बारशाला, पेरणीला. त्या सुराला जागोजाग रिकामी जागा असते आणि ती भरायला तोंड आपणहून उघडतं, मळणीच्या खळ्यात बैलाचा पाय आपणहून वळतो तसं. तीन वेळा मी दात आवळून तो सूर जाऊ दिला. छातीत तो साचत गेला. गुरवाने श्वास घेतला, आवाज वर चढवला.

"आणि ह्या तुझा चेडू सुगंधा, बापाच्या दुकानात नवो धंदो घालून बसतला, आवशीक सांभाळतला, तेका तुझो आधार दी, तेच्या हाताक येस दी..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

सगळ्यांच्या आधी म्हटलं. स्पष्ट, मोठ्याने, सुरात. माझ्याच कानांवर ते दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून आलं. गुरवाने मान डोलावली. दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

पहिली पाकळी लोणच्याच्या नावाने, ती डावी पडली. कटलरीची डावी पडली. बूथच्या नावाने लावलेली क्षणभर थरथरली आणि उजवी खाली आली, देवाच्या पायाशी, उताणी.

घरी येताना दादा आणि मामा पुढे मोठ्याने बोलत होते. अर्ज कुठे करायचा, तार कुठून घ्यायची, काचेचं खोकं उजवीकडे बसवायचं की डावीकडे. मी मागे होते. आई माझ्याही मागे.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मामा फॉर्म आणायला तालुक्याला गेले. वहिनी झोपली होती. वैशाखातली दुपार, पेठेत कुत्रंही उठून बसत नव्हतं. मी डब्यातून कार्ड काढलं, ब्लाउजात खुपसलं आणि अनवाणीच देवळाकडे निघाले. चपला घालायचं सुचलं नाही. डांबर भाजत होतं म्हणून कडेच्या गवतातून गेले.

जयराम गुरव सभामंडपात पंचा अंथरून पडला होता. मी त्याला उठवलं आणि एका श्वासात सगळं सांगितलं. कार्डाचं सांगितलं, कोल्हापूरचं सांगितलं, तोंडातून शब्द कसा गेला तेही सांगितलं. तो रागावला नाही. भिकबाळी चाचपत उठून बसला.

"शब्द गेलो तो गेलो," तो म्हणाला. "पण देव काय सावकार नाय. परत गाऱ्हाणा घालूक येता. तुका सोड म्हणान सांगूक येता."

"मग घाला."

"घालतंय. पण कौल दुकानाक उजवो पडलो हा. ता दुकान रिकामा ऱ्हवाचा नाय. तू उठलंस तर तुझ्या जाग्यार बसतला कोण, तेचा नाव माका घेवक होया. आणि तेणा हयसर उभ्या ऱ्हवान व्हय म्हणाक होया. हा कोण तुझ्याकडे?"

मी चौथऱ्यावर बसले. पाय पोळले होते ते आता कळत होतं. दादा येणार नव्हता, वहिनी येणार नव्हती. तेहेतीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात असं एक माणूस नव्हतं जे माझ्या जागी अकरा बाय आठमध्ये येऊन बसेल. मी कार्ड काढून हातात धरलं. फाडावं की काय असं मनात होतं.

"नारळ विसारलंस," मागून आवाज आला.

आई होती. डोक्यावरून पदर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात शेंडीचा नारळ. तिने छत्री मिटून खांबाला लावली. माझ्या हातातल्या कार्डाकडे बघितलं आणि तिला नवल वाटलं नाही.

"पोस्टमनान आदी माकाच वाचून दाखयल्यान," ती म्हणाली. "उघड्या कारडाचा काय, तो सगळ्यांचीच वाचता."

"तीन आठवडे तुला माहीत होतं?"

"तू सांगशीत म्हणान वाट बघीत होतंय."

"काल देवळात तरी बोलायचंस."

"तुझ्या नावाचो कौल. मी कशी बोलतलंय?" ती म्हणाली. आणि मग, "तुझो व्हय आयकलंय आणि माझो आठावलो. मीव लग्नाच्या गाऱ्हाण्याक असोच म्हटललंय गो. सोळा वर्षांचा होतंय. सगळी म्हणत होती म्हणान म्हटलंय."

गुरव उठला होता. त्याने पंचा झटकून खांद्यावर टाकला होता आणि आमच्या दोघींकडे बघत होता. आईने नारळ त्याच्या हातात दिला. "घाला गाऱ्हाणा. हिच्या जाग्यार माझा नाव घ्या."

"वहिनीनू, तुमी दुकानात?" गुरव आईला म्हणाला. "पेठ काय म्हणात?"

"पेठ फोन करूक येतली," आई म्हणाली.

मी नको म्हटलं. तुला फोन फिरवता येत नाही, आकडे लागत नाहीत, गुडघे धरतात, दादा काय म्हणेल. मी एकेक कारण काढत होते. परवा घरची माणसं माझे गुण मोजत होती, तशी मी आज तिचे दोष मोजत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला केलं, ताटावरून मांजर सारावं तसं.

गुरवाने सूर लावला. देवळात आम्ही तिघंच. 'ह्या चेडवाक सोड, तेची वाट मोकळी कर,' असं तो म्हणाला तेव्हा आई व्हय म्हणाली. 'तेच्या जाग्यार तेची आवस बसतली' असं म्हणाला तेव्हाही म्हणाली. तिचा आवाज त्या सुरात मिसळला नाही. सूर संपून गेल्यावर, विचार करून, ती साध्या बोलण्यात म्हणाली. गुरवाने पाकळी लावली. मी डोळे मिटून घेतले, म्हणून ती कुठली पडली ते मी पाहिलं नाही. आई म्हणाली, "चल," तेव्हा उघडले.

दादाला मी रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. तो रागावला, मग रडला, मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझी ट्रंक त्यानेच एसटीच्या टपावर चढवली. पाटी मात्र बदलायची नाही म्हणाला. त्याने पेंटरकडून दुसरा नमुना लिहवून आणलाच नाही.

बूथ सुरू व्हायला दिवाळी उजाडली. तोवर मी वसतिगृहातल्या चाळीस मुलींना नावानिशी ओळखत होते, माझ्या खोलीला माझं कुलूप होतं, आणि खिडकीतून रंकाळ्याकडे जाणारा रस्ता दिसायचा. दादाने पत्रातून नंबर कळवला. रविवारी सकाळी ऑफिसात कुणी नसताना मी फोन लावला. तीनदा वाजला.

"हां, कोण बोलता?" आई इतक्या मोठ्याने बोलली की मी रिसीव्हर कानापासून दूर धरला. बाबांना बत्ती चढवताना ओरडून बोलायची सवय होती, तसा आवाज. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आई, मी."

"जेवलंस?"

"सकाळचे नऊ वाजलेत गं."

"व्हय मां. बरा, आता ठेव. हयसर माणसा उभी हत." आणि तिने फोन ठेवला.

पण तो नीट बसला नसावा. लाइन तुटली नाही. मला आमचं दुकान ऐकू येत होतं. बाकडं सरकल्याचा आवाज, रस्त्यावरची सायकलची घंटी, कुणीतरी बाई हळू आवाजात आकडे सांगत होती आणि आई एकेक आकडा मोठ्याने परत म्हणत होती, शाळेतल्या मुलीसारखी. मग त्या बाईने काहीतरी विचारलं, बहुधा आता कुणाचा फोन होता म्हणून.

"माझा चेडू," आई म्हणाली. "कोल्हापुराक आसता. तेणाच माका हयसर आणून बसयल्यान."

ती हे हसून म्हणाली की कशी, ते तारेतून समजलं नाही. मी कान लावून उभी राहिले. तेवढ्यात तिकडे कुणीतरी रिसीव्हर नीट बसवला.